माझे नाव मला सांगता येते

वाचकाचे पत्र, थोडक्यात : पत्र लिहिणाऱ्या ताई ३१ वर्षांच्या आहेत आणि त्यांचा धाकटा भाऊ १९ वर्षांचा. भावाचा ओठ आणि टाळू जन्मतः दुभंगलेली होती. ओठ तो काही महिन्यांचा असताना शिवला आणि टाळूची शस्त्रक्रिया दीड वर्षाचा झाल्यावर झाली. तो बोलू लागला तेव्हा ‘बाबा’ म्हणायला गेला की ‘मामा’ ऐकू येई आणि घरातले हसत. त्याचे सगळे बोलणे कळे ते एकट्या ताईंना, म्हणून शाळेत, दवाखान्यात, पाहुण्यांसमोर त्याचे म्हणणे त्याच सांगत आल्या. फुगे फुगवणे, शिट्टी वाजवणे, मेणबत्ती फुंकणे असे व्यायाम रोज करून घ्यायला त्यांना सांगण्यात आले होते आणि त्याची नोंद त्या एका वहीत ठेवत. बाराव्या वर्षी भावाने हे सगळे सोडले. आजही तो नाकातून बोलतो, ‘क’ आणि ‘ग’ घशातून काढतो, अनोळखी माणसांशी बोलणे टाळतो. आता सर्जनांनी त्याचा मागे राहिलेला वरचा जबडा पुढे घेण्याची शस्त्रक्रिया सुचवली आहे. भाऊ म्हणतो, ‘आता पुरे.’ गेल्या महिन्यात एका कार्यालयात काउंटरवरच्या बाईंनी त्याला नाव विचारले. त्याने सांगितले. बाईंनी ताईंकडे पाहिले आणि ताईंनी ते पुन्हा सांगितले. बाहेर आल्यावर तो म्हणाला, ‘ताई, माझे नाव मला सांगता येते.’ तेव्हापासून दोघांचे बोलणे जेमतेम आहे. ताई विचारतात : शस्त्रक्रियेसाठी त्याच्या मागे लागावे का? स्पीच थेरपीचे वय निघून गेले का? आणि मी मध्ये बोलणे थांबवले, तर लोक त्याला मंदबुद्धीचा समजणार नाहीत का? हे पत्र पाठवल्याचे भावाला माहीत नाही.

ताई,

तुमच्या तिन्ही प्रश्नांकडे मी येणार आहे, पण त्याआधी काउंटरवरचा तो प्रसंग पुन्हा एकदा सावकाश पाहू या, कारण तुम्ही तो चार ओळींत उरकला आहे आणि माझ्या मते सगळे पत्र त्या चार ओळींतच आहे. बाईंनी नाव विचारले, भावाने सांगितले, बाईंनी तुमच्याकडे पाहिले. तुम्ही लिहिता, ‘त्यांना काहीच कळले नाही.’ बाई मात्र तसे म्हणाल्या नव्हत्या. कदाचित आडनाव कळले असेल आणि नाव नसेल, कदाचित त्या ‘पुन्हा सांगा’ म्हणणारच असतील, कदाचित त्यांना सगळे कळले असेल आणि नुसती खात्री करून घ्यायची असेल. ते आता कळायला मार्ग उरला नाही, कारण त्या दोन सेकंदांत तुम्ही बोललात.

हे मी दोष म्हणून लिहीत नाही. इतकी वर्षे जे काम तुम्ही मनापासून केले, त्याची सवय दोन सेकंदही थांबू देत नाही, एवढेच म्हणायचे आहे. पण त्यामागे एक गृहीत आहे आणि ते तपासून पाहायला हवे : बोलणे कळले नाही, तर त्याचे कारण बोलणाऱ्याच्या तोंडात असते. हे निम्मेच खरे आहे. उरलेले निम्मे ऐकणाऱ्याच्या कानात असते, आणि याचा सगळ्यात मोठा पुरावा तुम्ही स्वतः आहात. तो बोलू लागला तेव्हा तुम्ही चौदा-पंधरा वर्षांच्या होतात, कोणतेही शिक्षण नव्हते, तरी आईबाबांना न कळणारे बोलणे तुम्हाला कळत होते. तुमचा कान जगावेगळा नव्हता. तुम्ही त्याच्याजवळ जास्त वेळ बसत होता आणि विषय काय चालला आहे हे तुम्हाला माहीत असे. ओळखीच्या माणसाला जास्त कळते, विषय माहीत असला की आणखी कळते, हे आम्हा स्पीच थेरपिस्टांना रोज दिसते. नव्या माणसालाही पहिली काही वाक्ये मिळाली तर त्याचा कान जुळू लागतो. ती वाक्ये त्याला मिळू दिली पाहिजेत.

आता त्या वहीबद्दल. पत्रात तुम्ही तिचा उल्लेख दोनदा केला आहे, आणि दुसऱ्यांदा लिहिले आहे की त्याने बाराव्या वर्षी व्यायाम सोडला नसता तर आज बोलणे स्पष्ट असते. ताई, हा हिशेब चुकला आहे आणि तो कसा चुकला हे समजण्यासाठी टाळूचे काम थोडे नीट पाहावे लागेल.

‘ब’ म्हणा आणि मग ‘म’ म्हणा. दोन्ही वेळा ओठ मिटतात, दोन्ही वेळा कंठ घुमतो. फरक एवढाच, की ‘ब’च्या वेळी नाकाची वाट बंद असते आणि ‘म’च्या वेळी उघडी. ही वाट उघडणारा-मिटणारा दरवाजा म्हणजे टाळूचा मागचा मऊ भाग, ज्याच्या टोकाला पडजीभ लोंबते. तो वर उचलला जाऊन घशाच्या मागच्या भिंतीला टेकला की हवा तोंडातून जाते; खाली राहिला की नाकातून. आपण शाळेत घोकलेली वर्णमाला याच दरवाजावर बेतलेली आहे : पाचही वर्गांतली पहिली चार अक्षरे दार बंद करून म्हणायची आणि शेवटचे, म्हणजे ङ, ञ, ण, न, म, दार उघडून. दार पुरते लागत नसेल तर ‘ग’, ‘द’, ‘ब’ आपापल्या ओळीच्या शेवटच्या अक्षराकडे घसरतात. म्हणून ‘बाबा’चे ‘मामा’ होते आणि ‘दादा’चे ‘नाना’. तुमच्या घरात ज्याला हसले गेले त्यात बाळबोबडे काहीच नव्हते. एक स्नायूंचा दरवाजा अपुरा पडत होता आणि त्याचा परिणाम अगदी वर्णमालेच्या नियमाप्रमाणे ऐकू येत होता. (मराठीत गेंगाणे, बोबडे आणि तोतरे असे तीन निरनिराळे शब्द आहेत आणि ते तीन निरनिराळ्या गोष्टी सांगतात. लोक मात्र तिन्ही एकाच माणसाला एकदम चिकटवतात.)

दाराची फट राहिली की दुसरी गोष्ट घडते. तोंडात हवेचा दाब साठतच नाही, त्यामुळे ‘क’, ‘प’, ‘ट’ यांना लागणारा स्फोट होत नाही. मग मूल तो स्फोट दाब जिथे साठू शकतो तिथे, म्हणजे फटीच्या खाली, घशात, स्वरतंतू आवळून करते. तुमचा भाऊ ‘क’ घशातून काढतो तो असा. ही एका हुशार बाळाने शोधलेली पळवाट आहे, आणि अडचण एवढीच की ती काही वर्षांत इतकी अंगवळणी पडते की पुढे दार दुरुस्त झाले तरी पाय त्याच वाटेने जातात.

म्हणजे भावाच्या बोलण्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत : एक रचनेची, दुसरी सवयीची. रचना शस्त्रक्रियेने किंवा तोंडात बसवायच्या साधनाने सुधारते. सवय स्पीच थेरपीने. एकीचे औषध दुसरीला लागू पडत नाही. आणि फुगे? फुंकताना दार ज्या रीतीने लागते ती रीत बोलण्याच्या रीतीहून वेगळी आहे. ‘कंपनी’ हा एक शब्द म्हणताना ते बंद होते, उघडते, पुन्हा बंद होते आणि पुन्हा उघडते, तेही अर्ध्या सेकंदात. फुगा फुगवणाऱ्याला फुगा फुगवता येऊ लागतो, बोलण्यात त्याचा उपयोग होत नाही, आणि आखूड टाळू तर कोणत्याही व्यायामाने लांब होत नाही. हे लिहिताना मला थोडे ओशाळे वाटते, कारण व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही लोकांना असे व्यायाम दिले आहेत आणि आजही ते देणारे भेटतात. तेव्हा त्या वहीतले रिकामे दिवस भावाच्या नावावर मांडू नका, आणि तुमच्याही मांडू नका. तो बाराव्या वर्षी थकला हे खरे. पण त्याने सोडले ते काम त्याच्या उपयोगाचे नव्हते.

फट आहे की नाही याची एक साधी खूण घरी पाहता येते. ज्यात एकही नाकाचे अक्षर नाही असे वाक्य घ्या, उदाहरणार्थ ‘तो रोज शाळेत जातो’ किंवा ‘काका, इकडे या’. आधी ते सहज म्हणा, मग नाक चिमटीत धरून म्हणा. तुम्ही स्वतः करून पाहाल तर दोन्ही वेळा आवाज सारखाच ऐकू येईल, कारण तुमची नाकाची वाट तशीही बंदच होती. ज्याच्या आवाजात नाक धरल्यावर स्पष्ट फरक पडतो त्याची हवा नाकातून निसटते आहे. याने निदान होत नाही, तज्ज्ञांना काय सांगायचे ते फक्त कळते. आणि ही खूण भावावर त्याच्या इच्छेविरुद्ध तपासू नका. त्याच्या तोंडाची तपासणी आजवर पुरेशा लोकांनी केली आहे.

शस्त्रक्रियेबद्दल तुमच्या पत्रात एक गैरसमज आहे आणि तो महत्त्वाचा आहे. तुम्ही धरून चालला आहात की जबड्याची शस्त्रक्रिया झाली की बोलणे सुधारेल. सर्जनांनी, तुम्हीच लिहिल्याप्रमाणे, दात जुळत नाहीत आणि चावता येत नाही म्हणून ती सुचवली आहे. लहानपणी शिवलेल्या टाळूवरच्या व्रणांमुळे वरच्या जबड्याची वाढ अनेकांत कमी होते, खालचा जबडा पुढे दिसू लागतो, आणि चेहऱ्याची वाढ पुरी झाल्यावर, म्हणजे साधारण तुमच्या भावाच्या वयात, हा प्रश्न सोडवला जातो. त्याने चावणे सुधारते, दात जुळल्यामुळे ‘स’, ‘च’, ‘फ’ यांसारखी अक्षरे अधिक स्वच्छ होऊ शकतात. पण जबडा पुढे आला की त्याच्याबरोबर टाळूही पुढे येते आणि तिच्यापासून घशाच्या मागच्या भिंतीचे अंतर वाढते. जो दरवाजा आधीच काठावर लागत होता, तो त्यानंतर कमी लागू शकतो आणि नाकातला आवाज वाढू शकतो. सगळ्यांचा वाढतो असे नाही, पण वाढू शकतो, आणि हे शस्त्रक्रियेनंतर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. म्हणून जबड्याबद्दल काहीही ठरवण्यापूर्वी त्याच्या बोलण्याची स्वतंत्र तपासणी व्हायला हवी, आणि ती तो बोलत असताना व्हायला हवी. आ करून बॅटरीने पाहिलेली टाळू ती बोलताना किती वर जाते हे सांगत नाही. त्यासाठी नाकातून बारीक दुर्बीण घालून, किंवा बोलतानाचे हलते क्ष-किरण चित्र घेऊन, दार कुठे आणि किती उघडे राहते ते पाहतात.

नाकातून निसटणारी हवा थांबवण्याच्या शस्त्रक्रिया वेगळ्या असतात. काहींत टाळूचे स्नायू पुन्हा नीट जुळवून ती लांब करतात, काहींत घशाच्या मागच्या भिंतीचा एक पडदा उचलून टाळूला जोडतात. टाळू एकदा शिवूनही अशी दुसरी शस्त्रक्रिया लागणाऱ्यांची संख्या कमी नाही. साधारण पाचात एकाला किंवा त्याहून अधिकांना ती लागते, त्यामुळे लागली तर पहिली बिघडली असा अर्थ काढू नये. तिची किंमतही जाणून घ्यावी. घशातली वाट अरुंद केल्यावर काहींना घोरणे आणि झोपेत श्वास अडणे सुरू होते, म्हणून झोपेची चौकशी आधी करावी लागते. जबड्याची शस्त्रक्रिया होणारच असेल, तर ही दुसरी बहुधा तिच्यानंतर, सगळे स्थिरावल्यावर ठरवतात. आणि ज्याला कोणतीच शस्त्रक्रिया नको असेल, त्याच्यासाठी दंतवैद्य टाळूला बसणारी आणि मागची फट भरणारी काढघाल करता येण्याजोगी पट्टी करून देऊ शकतात.

मग मागे लागावे का? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि त्याचे कारण केवळ तो सज्ञान आहे एवढेच नाही. ‘आता पुरे’ या दोन शब्दांत काय काय आहे ते तुम्ही त्याला विचारलेले पत्रात दिसत नाही. दवाखान्याची भीती असेल, शिक्षणाचे वर्ष बुडण्याची काळजी असेल, चावण्याचा त्रास त्याला वाटतच नसेल, किंवा हा चेहरा जसा आहे तसा माझा आहे, असेही असेल. या चार कारणांना चार वेगळी उत्तरे आहेत आणि शेवटच्याला तर उत्तराची गरजही नाही. शिवाय जबड्याची शस्त्रक्रिया ही उद्या निघून जाणारी गाडी नाही. ती पंचविसाव्या वर्षी होते, पस्तिसाव्याही होते. ‘सध्या नको’ हे पुरे उत्तर आहे. तपासणी करून घेणे म्हणजे शस्त्रक्रियेला होकार देणे नव्हे, एवढे त्याला सांगा, आणि तपासणी करायची की नाही हेही त्याच्यावर सोडा.

स्पीच थेरपीचे वय निघून गेलेले नाही. मोठ्या वयात सवय मोडायला वेळ जास्त लागतो, कारण ती इतकी वर्षे दिवसाला हजारो शब्दांनी घोटली गेलेली असते. पण लहान मुलाला थेरपीला कोणीतरी आणलेले असते आणि मोठा माणूस स्वतः येतो, या एका फरकाने बरेच काही भरून निघते. कामाची रीत कशी असते याचा अंदाज यावा म्हणून एकच उदाहरण देते. ‘रंग’ म्हणताना अनुस्वाराच्या जागी जो ‘ङ’ येतो, तो म्हणताना जिभेची मागची बाजू नेमकी ‘ग’च्या जागी टेकते. ज्याला ‘ग’ घशातून काढायची सवय आहे त्यालाही ‘ङ’ बहुधा चांगला येतो, कारण त्याला दाब लागत नाही. मग नाक चिमटीत धरायला सांगायचे, ‘ङ’ लांबवायला लावायचा आणि जीभ एकदम सोडायला सांगायची. हवेला नाकाची वाट नसते, ती जिभेमागे साठते आणि सुटताना ‘ग’ होऊन बाहेर पडते. हा ‘ग’ पहिल्यांदा निघतो तेव्हा माणूस दचकतो. आपल्या तोंडात ही जागा होती हेच त्याला माहीत नसते. पुढे ‘गा’, ‘गी’, मग शब्द, मग वाक्य, मग अनोळखी माणसासमोरचे वाक्य, असे अनेक महिने जातात, आणि सगळ्यात अवघड टप्पा शेवटचा असतो. फट असली तरी जिभेची जागा बदलण्याचे हे काम सुरू करता येते. नाकात घुमणारा आवाज मात्र, त्याचे कारण रचनेत असेल तर, थेरपीने जात नाही, आणि तो थेरपीने घालवून देतो असे कोणी म्हणाले तर दुसऱ्या तज्ज्ञाकडे जावे.

एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नाही : त्याच्या कानांची शेवटची तपासणी कधी झाली? कानाच्या पडद्यामागची जागा घशाशी जोडणारी नळी उघडण्याचे काम टाळूचेच स्नायू करतात. त्यामुळे टाळू दुभंगलेल्या जवळजवळ सर्व बाळांच्या कानात त्या पडद्यामागे पाणी साठते आणि ऐकणे मंद होते. अनेकांचे वयानुसार सुधारते, काहींचे कान पुढे वारंवार फुटत राहतात. स्वतःचाच ‘स’ आणि ‘श’ पुरता ऐकू येत नसेल तर तो सुधारायचा कसा? ऐकण्याची तपासणी सोपी आहे, तिला काही कापावे लागत नाही, आणि तो तयार असेल तर सुरुवात तिथून करावी असे मी सुचवेन.

तुमची खरी भीती तिसऱ्या प्रश्नात आहे. लोक अस्पष्ट बोलण्यावरून बुद्धीचा अंदाज बांधतात, हे दुर्दैवाने खरे आहे, आणि त्यामुळे तुम्हाला जे वाटते ते मी समजू शकते. वाणी आणि भाषा या दोन गोष्टी आहेत, शब्द डोक्यात असणे आणि ते तोंडातून स्पष्ट निघणे यांत फरक आहे, हे फारच थोड्यांना सुचते. पण ताई, तुमच्या मध्ये बोलण्याने हा गैरसमज दूर होतो का? काउंटरवरच्या बाईंच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. एक तरुण मुलगा नाव सांगतो आणि शेजारची बाई तेच लगेच दुरुस्त करून सांगते. यावरून त्या काय समजतील? ज्या शंकेपासून तुम्ही त्याला वाचवू पाहता, तिलाच तुमच्या मदतीने पुष्टी मिळते. हे कठोर आहे, पण तो बाहेर येऊन जे बोलला त्याचा अर्थ मला असाच लागतो.

त्याच्या हातात करण्याजोगे पुष्कळ आहे आणि त्यातले काही तो आधीच करत असेल. कळले नाही की आवाज चढवण्याचा उपयोग नसतो. थोडे सावकाश आणि तोंड अधिक उघडून बोलले तर आवाज तोंडातून जास्त येतो आणि शब्द सुटे होतात. तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणण्यापेक्षा दुसऱ्या शब्दांत सांगितलेले लवकर कळते. नावाचा मात्र दुसरा शब्द नसतो, आणि त्याच्या नावात, तुम्ही लिहिल्याप्रमाणे, ‘क’ आणि ‘श’ दोन्ही आहेत, म्हणजे नेमकी सगळ्यात दाबाची अक्षरे. म्हणून नावापुरते एखादे ओळखपत्र पुढे करायला काही हरकत नाही. ते त्याने स्वतः पुढे करावे. काही जण सुरुवातीलाच सांगून टाकतात, ‘माझ्या टाळूची शस्त्रक्रिया झाली आहे, एखादा शब्द कळला नाही तर विचारा.’ समोरच्याचे अवघडलेपण या एका वाक्याने निम्मे होते. काहींना असे सांगणे मुळीच आवडत नाही, आणि तेही ठीक आहे. फोनवर त्याचे बोलणे आणखी कळेनासे होत असेल तर तो दोष सगळा त्याचा नाही : जुन्या पद्धतीच्या फोनवाहिन्या साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच आवाज पोहोचवतात आणि ‘स’चा बराचसा जोर त्याच्या वर असतो. ओठ दिसतील असा व्हिडिओ कॉल किंवा लिहून पाठवलेला निरोप ही पळवाट नाही.

आणि तुम्हा-आम्हा ऐकणाऱ्यांसाठी : ‘काय?’ म्हणून संपवू नका, जेवढे कळले तेवढे उच्चारून दाखवा. ‘आडनाव कळले, नाव पुन्हा सांगा’ असे म्हटले की समोरच्याला सगळे पुन्हा सांगावे लागत नाही. सगळ्यात वाईट काय, तर न कळता कळल्यासारखी मान हलवणे. ती मान त्याला लगेच ओळखू येते.

याच वाटेवर असलेल्या इतर वाचकांसाठी थोडे. जगभरात साधारण ७०० जन्मांमागे एका बाळाचा ओठ किंवा टाळू, किंवा दोन्ही, दुभंगलेली असते. गर्भावस्थेच्या चौथ्या ते नवव्या आठवड्यात चेहऱ्याच्या दोन बाजू एकमेकींना मिळायच्या असतात, त्या मिळत नाहीत. आईने काही पाहिले, कापले, उचलले म्हणून हे होत नाही. फक्त ओठ दुभंगलेला असेल तर बोलण्यावर फारसा परिणाम होत नाही. टाळू दुभंगलेली असेल तर ती कधी शिवली जाते याला महत्त्व आहे : फक्त टाळू दुभंगलेल्या, अन्यथा निरोगी बाळांवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, सहाव्या महिन्यात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे ९ टक्के मुलांचे दार पाचव्या वर्षी अपुरे लागत होते, बाराव्या महिन्यात झालेल्यांपैकी १५ टक्क्यांचे. (ताई, हे वाचून दीड वर्षाचा हिशेब करत बसू नका. बाळाचे वजन, श्वास, भूल देण्याची सुरक्षितता असे बरेच पाहून वेळ ठरते.) कधी टाळू वरून अखंड दिसते आणि आतले स्नायू दुभंगलेले असतात, दोन टोकांची पडजीभ ही त्याची एक खूण. अशा मुलाची नाकामागची ॲडिनॉइड नावाची गाठ काढायची ठरली तर आधी टाळू तपासून घ्यावी, कारण कधी कधी त्या गाठीच्या आधारानेच दार लागत असते.

जन्मतः वेगळी रचना असलेल्या सगळ्या चेहऱ्यांची अडचण एकच नसते. ट्रीचर कॉलिन्स सिंड्रोममध्ये कानाची बाहेरची व मधली रचना अपुरी असल्याने मूल ऐकतच कमी, बुद्धी मात्र बहुधा इतरांसारखीच असते. तिथे हाडातून आवाज पोहोचवणारे श्रवणयंत्र लवकरात लवकर मिळणे हेच भाषेसाठी सगळ्यात मोठे काम. मोबियस सिंड्रोममध्ये चेहऱ्याचे स्नायू हलत नाहीत, ओठ मिटत नाहीत, म्हणून ‘प’, ‘ब’, ‘म’ अडतात. अनेक जण ते जीभ दातांना टेकवून जवळपास तसेच काढायला शिकतात आणि ते कानाला चालते. एपर्ट आणि क्रूझॉन सिंड्रोममध्ये चेहऱ्याचा मधला भाग मागे असल्याने नाक कोंदते आणि आवाज सर्दी झाल्यासारखा येतो, म्हणजे वर सांगितले त्याच्या उलटे. बाविसाव्या गुणसूत्राचा एक तुकडा कमी असलेल्या मुलांत टाळूबरोबर भाषेची वाढही मागे राहू शकते, तेव्हा तिथे उच्चार आणि भाषा दोन्ही तपासाव्यात. लहान मुलांच्या आईवडिलांना एवढेच सांगेन की ‘नीट म्हण’ म्हणून त्याला थांबवू नका. तो ‘मामा’ म्हणून बाबांना हाक मारत असेल तर बाबांनी ओ द्यावी आणि ‘हो, बाबा आले’ म्हणावे. बरोबर उच्चार त्याच्या कानावर पडतो आणि हाकही वाया जात नाही.

ताई, पुन्हा काउंटरवर येते, कारण तशी वेळ पुन्हा येणारच. समोरची व्यक्ती तुमच्याकडे पाहील तेव्हा तुम्ही भावाकडे पाहा. माणसे नजरेच्या मागे जातात. तुमची नजर त्याच्यावर असली की तिचीही परत त्याच्यावर जाते आणि प्रश्न पुन्हा त्यालाच विचारला जातो. त्याला मदत हवी असेल तेव्हा ती मागण्याची खूण त्याने ठरवावी, हाताला स्पर्श किंवा नुसते ‘ताई’ म्हणणे, काहीही. खूण येत नाही तोवर थांबा. पहिल्या काही वेळा ते दोन सेकंद फार लांब वाटतील.

आणि हे पत्र. ते पाठवल्याचे त्याला माहीत नाही, असे तुम्ही शेवटी लिहिले आहे. माझे उत्तर त्याला दाखवणार असाल तर आधी तुमचे पत्र दाखवा, वही आणि काउंटर यांसकट. त्याला राग येईल कदाचित. तो येऊ द्या. त्यानंतर जबड्याबद्दल, दुर्बिणीबद्दल, किंवा त्या ‘ग’बद्दल त्याला काही विचारायचे असेल, तर पुढचे पत्र त्याने लिहावे. मी उत्तर त्याला देईन.